पेट्रोल आहे, कॉक फिरवला नाही

व्हॉट्सॲपवर एक मेसेज फिरतोय: "छोट्या विमानाचं इंजिन बंद पडलं म्हणजे मशीन खराब. पेट्रोल संपवायची चूक फक्त शिकाऊ पायलट करतात. आणि इंजिन थांबलं की विमान दगडासारखं खाली!" तिन्ही वाक्यं ठाम आणि तिन्ही चुकीची.

आधी मशीनचं बघू. अमेरिकेत वाहतूक अपघातांची चौकशी करणाऱ्या एनटीएसबी या सरकारी संस्थेने २०११ ते २०१५ मधले इंधनाशी संबंधित अपघात तपासले, वर्षाला सरासरी ५० हून जास्त. त्यातल्या ९५ टक्क्यांत पायलटची चूक होती. ५६ टक्के वेळा इंधन खरोखर संपलं होतं. ३५ टक्के वेळा ते विमानात होतं, पण इंजिनापर्यंत पोचलंच नाही. जुनी स्कूटर चालवलेल्यांना हे लगेच कळेल: रिझर्व्हला कॉक फिरवला नाही, तर टाकीत पेट्रोल असूनही गाडी बंद. पायपर चेरोकी या छोट्या विमानात दोन पंखांत दोन टाक्या असतात आणि एका वेळी एकच निवडावी लागते.

शिकाऊ म्हणाल, तर त्यांचा वाटा २ टक्के. जवळपास निम्मे पायलट व्यावसायिक परवानाधारक होते.

गायक जॉन डेन्व्हरही नवखा नव्हता. १२ ऑक्टोबर १९९७ ला कॅलिफोर्नियात माँटेरेजवळ त्याचं लाँग-ईझी हे हौशी लोक घरी बांधतात तसलं छोटं विमान समुद्रात कोसळलं. विमान बांधणाऱ्याने इंधनाचा कॉक मूळ आराखड्यातली जागा सोडून पायलटच्या डाव्या खांद्यामागे बसवला होता. तो फिरवायला मागे वळावं लागे आणि वळताना उजवा पाय नकळत रडरच्या (विमानाचं नाक डावी-उजवीकडे वळवणाऱ्या) पेडलवर दाबला जाई. उड्डाणाआधी मेकॅनिकबरोबर डेन्व्हरने हात पोचावा म्हणून कॉकला पकड (प्लायर) लावून पाहिली, जमलं नाही. पेट्रोल भरायचं का विचारलं, तर नको म्हणाला. तासाभराचंच तर उड्डाण! (हा 'तासाभराचंच' आपल्यालाही ओळखीचा आहे.)

राहिला दगड. सेसना १७२ हे छोटं विमान इंजिन बंद असताना १,००० फूट उंची गमावेपर्यंत सुमारे पावणेतीन किलोमीटर तरंगत जातं. ३,००० फुटांवर असाल, तर वेग ताशी सव्वाशे किलोमीटरच्या आसपास धरून शेत शोधायला चारेक मिनिटं मिळतात. घाबरून नाक वर ओढलं तर मात्र विमान खरंच पडतं. डेन्व्हर जेमतेम ५०० फुटांवर होता, आणि एनटीएसबीच्या अहवालात मुख्य कारण म्हणून नोंद आहे ती कॉकशी झटताना विमानावरचा ताबा सुटल्याची.