ओटीपी बारडोलीला गेला होता

धडगाव तालुक्यातल्या एका आरोग्य उपकेंद्राच्या ओट्यावर माझी विद्यार्थिनी टॅब घेऊन बसली होती. एमएसडब्ल्यूच्या दुसऱ्या वर्षाला आहे, पावरी तिची घरची बोली. समोर एक बाई, कडेवर तापलेलं लेकरू. आभा कार्ड, म्हणजे आरोग्याच्या नोंदी जोडणारं सरकारी डिजिटल ओळखपत्र, काढायचं होतं. आधार नंबर टाकला, ओटीपी गेला. बाईकडे फोनच नाही. आधारला जोडलेला नंबर नवऱ्याचा, आणि नवरा ऊसतोडीला गुजरातेत, बारडोलीकडे. पोरीने स्वतःच्या मोबाइलवरून त्याला फोन लावला. दोनदा रेंज गेली. तिसऱ्यांदा लागला तेव्हा तो फडात होता. वाचता येत नाही म्हणून त्याने मुकादमाच्या मुलाला शोधून मेसेज वाचून घेतला. सहा आकडे हाती आले तोवर ओटीपीची मुदत संपली होती. पुन्हा पहिल्यापासून. एका कार्डाला चाळीस मिनिटं गेली. निघताना त्या बाईने पावरीत विचारलं, "यावर पोराचं औषध मिळेल ना?"

त्या दिवशीच्या नोंदीत पोरीने लिहिलंय : "कार्ड निघालं. ते कशासाठी काढलं, हे मला त्यांना नीट सांगता आलं नाही."

मी शहाद्यात समाजकार्य शिकवते. आजवर शेकडो क्षेत्रकार्य अहवाल तपासले असतील, पण या दोन वाक्यांनी मला रात्रभर झोप लागू दिली नाही. आरोग्य तंत्रज्ञानाचं धोरण म्हणजे शेवटी काय? कुठलं यंत्र घ्यायचं, कुठलं ॲप कुणाच्या हातात द्यायचं, पैसा कुणाचा, माहिती कुणाची, आणि या सगळ्यात कोण सुटून जातं. त्यातला शेवटचा प्रश्न या मुलीने ओट्यावर बसून गाठला.

देशातलं पहिलं आधार कार्ड २९ सप्टेंबर २०१० रोजी आमच्याच नंदुरबार जिल्ह्यात, टेंभलीत दिलं गेलं. पंतप्रधान स्वतः आले होते. जवळपास अकरा वर्षांनी, २७ सप्टेंबर २०२१ ला, आयुष्मान भारत डिजिटल मिशन देशभर सुरू झालं आणि आभाचा चौदा आकडी नंबर आला. म्हणजे सुरुवात करायला आमचा जिल्हा चालतो. मग या योजना प्रत्यक्षात कशा चालतात, हे शिकायला विद्यार्थी इथे का पाठवत नाहीत? या विषयातल्या इंटर्नशिप बघा : दिल्ली, मुंबई, बंगळुरू. आणि बहुतेक बिनपगारी.

बिनपगारीचा अर्थ मला एका बापाने समजावला. दोन वर्षांपूर्वी आमच्या एका मुलीला दिल्लीतल्या एका संस्थेचं पत्र आलं. दोन महिने, विषय डिजिटल आरोग्य, मानधन शून्य. मी पेढे घेऊन घरी गेले. वडील कोरडवाहू शेतकरी. पत्र हातात घेऊन ते बराच वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, "मॅडम, पैसा भेटाव नही, मंग पोर तठे खाई काय?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. पोर गेली नाही. तिच्या जागी जो गेला असेल त्याच्याबद्दल माझ्या मनात काही नाही, पण त्याच्या घरी खोलीभाडं निघत होतं, एवढं नक्की. धोरण लिहिणाऱ्यांची पहिली चाळणी अशी भाड्यावर लागते. आणि शिकण्याचे पैसे देणं सरकारला अशक्य आहे असंही नाही. मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत २०२४ पासून बारावी पास उमेदवाराला महिना ६ हजार, आयटीआय-पदविकावाल्याला ८ आणि पदवीधराला १० हजार विद्यावेतन ठरलेलं आहे. ती योजना शिक्षण संपवलेल्यांची आहे, मान्य. शिकणाऱ्यांसाठी तशी सोय करायला कुणी अडवलंय?

आता ओजेटी, म्हणजे प्रत्यक्ष कामावरचं प्रशिक्षण, अभ्यासक्रमातच आलं आहे, त्याचे क्रेडिट मिळतात, म्हणून जागा शोधाव्या लागतात. आणि तिथे आम्ही काय अनुभवतो? एका ठिकाणी आमच्या मुलांना सिस्टरचा लॉगिन-पासवर्ड देऊन मागच्या तीन महिन्यांच्या राहिलेल्या नोंदी भरायला बसवलं. कुणाचं गरोदरपण, कुणाचा टीबी, सगळं विशीतल्या पोरांसमोर उघडं. ऑगस्ट २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा झाला, तो मी याच मुलांना वर्गात शिकवला होता. मी मुलं त्याच दिवशी परत बोलावली. सिस्टरवर माझा राग नाही. रजिस्टरही भरा, ॲपही भरा, वर लसीकरणालाही जा, असं तिचं आयुष्य आहे. पण याला इंटर्नशिप म्हणायला मी तयार नाही.

मग काम काय द्यायचं? एक उदाहरण सांगते, माझ्या डोळ्यांसमोरचं.

सिकलसेल हा आनुवंशिक रक्तविकार आमच्या भिल्ल-पावरा घरांमधलं जुनं दुखणं. १ जुलै २०२३ ला त्याच्या निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. चाळिशीपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन, हे तिचं उद्दिष्ट. पाड्यावर होते ती सोल्युबिलिटी टेस्ट. नळीतल्या द्रावणात रक्ताचा थेंब, मागे रेघांचा कागद. रेघा दिसल्या तर बरं. द्रावण गढूळ होऊन रेघा पुसल्या तर रक्तात सिकल आहे. मात्र तो माणूस नुसता वाहक आहे (स्वतः आजारी नाही, पण दोष पुढच्या पिढीत जाऊ शकतो) की आजारीच आहे, हे ती नळी सांगत नाही. त्यासाठी नमुना प्रयोगशाळेतल्या पक्क्या तपासणीला, एचपीएलसी किंवा इलेक्ट्रोफोरेसिसला, पाठवावा लागतो.

माझ्या एका विद्यार्थ्याने एका पाड्यावरच्या अकरा गढूळ नळ्यांचा माग काढला. रिपोर्ट आले तेव्हा चार घरांना कुलूप होतं. दिवाळी झाली होती, माणसं गुजरातला गेली होती. त्याने अहवालात लिहिलं की जागच्या जागी वाहक आणि रुग्ण वेगळे दाखवणारं किट महाग असलं तरी इथे तेच परवडेल, आणि ते घेता येत नसेल तर पक्की तपासणी दसऱ्याच्या आत उरका. एकवीस वर्षांचा मुलगा आहे! केंद्राच्या आरोग्य संशोधन विभागात आरोग्य तंत्रज्ञान मूल्यमापनाचं स्वतंत्र काम चालतं, कुठली तपासणी, कुठलं उपकरण पैशाच्या मानाने उपयोगी हे तिथे तपासतात. त्या मेजावर किटची किंमत असते. स्थलांतराचा महिना कुणी मांडत असेल का? तो या पोराला पाठ आहे, कारण त्याचे काका-काकू त्याच ट्रकमध्ये बसून जातात.

जळगावचं आपलं विद्यापीठ आहे, जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्हीकडे सरकारी वैद्यकीय महाविद्यालयं आहेत. अहिराणी, पावरी, भिली घरात बोलणारी हजारो मुलं आहेत. त्यांचे अहवाल आज माझ्या कपाटात पडतात आणि वर्षअखेरीस रद्दीत जातात. ते वाचून लेखी उत्तर देणारा एक माणूस जिल्हा परिषदेच्या आरोग्य विभागात नेमला जावा, अशी माझी मागणी आहे. तसा अर्ज मी दिलाय, सोबत उपकेंद्रावरच्या त्या मुलीच्या वहीची झेरॉक्स जोडलीय.

पुढच्या ओजेटीच्या याद्या आम्ही लवकरच लावतोय. तालुका आरोग्य अधिकारी, उपकेंद्रावरचे समुदाय आरोग्य अधिकारी (सीएचओ), कुणीही वाचत असाल तर दोन-दोन मुलं मागून घ्या. त्यांच्या राहण्याची काळजी नको, धडगावच्या बाजूला मुलं घेतलीत तर आमच्या त्या विद्यार्थिनीच्या आईने दोन खाटा रिकाम्या ठेवल्यात. एसटीचं भाडं आणि महिन्याचं विद्यावेतन कुठल्या निधीतून उभं राहू शकेल, हे ज्यांना माहीत असेल त्यांनी कमेंटमध्ये लिहा किंवा मला फोन करा.