१४ जानेवारी ही करिअप्पांची जयंती नव्हे

संक्रांतीच्या शुभेच्छांसोबत एक मेसेज फिरतोय: '१४ जानेवारी, फील्ड मार्शल करिअप्पा यांची जयंती, म्हणून माजी सैनिक दिन.' दिवस बरोबर, कारण चूक. करिअप्पांचा जन्म २८ जानेवारी १८९९ चा. १४ जानेवारी १९५३ ला ते निवृत्त झाले, म्हणून हा दिवस निवडला गेला. मला हा फरक फार मोलाचा वाटतो. पहिले भारतीय सरसेनापती ज्या दिवशी स्वतः माजी सैनिक झाले, तोच दिवस साध्या शिपायापासून जनरलपर्यंत प्रत्येक निवृत्ताचा झाला. जयंती म्हटलं की हे सगळं पुसलं जातं.

१५ जानेवारीचा लष्कर दिन वेगळा. १९४९ मध्ये त्या दिवशी करिअप्पांनी ब्रिटिश सरसेनापती जनरल बुचर यांच्याकडून लष्कराची सूत्रं घेतली.

मेसेजात ध्वजनिधीचं आवाहनही आहे. ध्वज दिन मात्र ७ डिसेंबरला असतो, १९४९ पासून. खिशाला टाचणीनं लावलेला तो लाल, गडद निळा, फिकट निळा कागदी ध्वज आठवत असेल. त्याचे पैसे जखमी जवान, वीरपत्नी आणि माजी सैनिकांसाठी असतात. द्यायचे असतील तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात पावती घेऊन द्या, मेसेजमधल्या अनोळखी नंबरावर नको.