मीटरप्रमाणे

नात्यातल्या लग्नासाठी गेल्या महिन्यात आम्ही सोलापूरहून पुण्याला सात आसनी गाडी भाड्याने केली. जाणे, येणे आणि पुण्यातले फिरणे धरून माझ्या मोबाइलने 528 किलोमीटर मोजले आणि गाडीच्या मीटरने 551. किलोमीटरला 15 रुपये या दराने फरक 345 रुपयांचा झाला. रक्कम मोठी नाही, हे मला घरातल्या प्रत्येकाने सांगून झाले आहे, त्यामुळे वाचकांनी पुन्हा सांगण्याचे कष्ट घेऊ नयेत. मला राग आला आहे तो त्या आकड्याविषयी विचारणाऱ्या माणसाकडे ज्या नजरेने पाहिले जाते, त्या नजरेचा.

मोबाइल वळणे थोडी कापतो, हे मला ठाऊक आहे. पण पुणे महामार्ग काही घाट नव्हे. तरीही खात्री करून घ्यावी म्हणून परतताना टेंभुर्णी सोडल्यावर एका किलोमीटरच्या दगडापाशी ट्रिपमीटर शून्यावर आणायला सांगितले आणि मुलाला खिडकीशी बसवून पुढचे दगड मोजायला लावले. विसावा दगड आला तेव्हा ट्रिपमीटरवर 20.9 होते. रस्ता रुंद करताना एखादा दगड इकडेतिकडे सरकतो, हे मान्य. पण विसांपैकी प्रत्येक दगड गाडीमालकाच्या सोयीने सरकला असेल, यावर माझा विश्वास बसत नाही.

मोहोळजवळ चहाला थांबलो तेव्हा कारण सापडले. चालकाच्या दाराच्या आतल्या बाजूला कंपनीचे स्टिकर होते आणि त्यावर टायरचे माप 185/65 आर 15 असे लिहिले होते. गाडीला बसवलेले टायर होते 185/60 आर 15, तेही बरेच झिजलेले. मधला आकडा टायरच्या कडेची उंची त्याच्या रुंदीच्या किती टक्के आहे, ते सांगतो. म्हणजे हा टायर मुळातच बुटका. कंपनीच्या मापाचा टायर एका फेरीत सुमारे 195 सेंटीमीटर जातो, हा बुटका टायर नवा असतानाही साधारण 189 सेंटीमीटरच जातो, आणि नक्षी चार मिलिमीटर झिजली की आणखी अडीच सेंटीमीटर गळतात. मीटर बिचारे फक्त चाकाच्या फेऱ्या मोजते आणि प्रत्येक फेरीला 195 सेंटीमीटरच धरते. हिशेब केला तर फरक चार टक्क्यांच्या थोडा वर जातो, आणि 528 चे 551 होतात ते नेमके तेवढ्यानेच.

हे सगळे मी गाडीमालकांना शांतपणे समजावून सांगितले, तेव्हा त्यांचे उत्तर होते, “सर, मीटर काय मी घरी बनवलंय का? सगळ्याच गाड्या थोडं जास्त दाखवतात, नियमच आहे तसा.”

याच वाक्याने माझे डोके फिरले, कारण त्यातले अर्धे खरे आहे. युरोपात पाळल्या जाणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या 39 क्रमांकाच्या नियमानुसार वेगाचा काटा खऱ्या वेगापेक्षा कमी वेग कधीही दाखवू शकत नाही, आणि जास्त दाखवायचा तर खऱ्या वेगाच्या दहा टक्के अधिक ताशी 4 किलोमीटर एवढाच. म्हणजे गाडी खरोखर 80 ने जात असताना काट्याने 92 दाखवले तरी चालते. ही सवलत शहाणपणाची आहे, कारण झिजल्या टायरचा, कमीजास्त हवेचा आणि कंपनीच्या चुकीचा भार चालकाच्या दंडावर किंवा जिवावर पडू नये, असा तिचा हेतू आहे. कंपन्या म्हणून वेग दाखवताना मुद्दाम थोडी भर घालतात. पण ती सवलत वेगाच्या आकड्यासाठी आहे, अंतराच्या आकड्यासाठी नाही. अंतर मोजताना अशी भर घालण्याचे सुरक्षेचे एकही कारण नसते, आणि भाड्याचे बिल वेगावर होत नाही, अंतरावर होते. एका खिडकीतली सूट दुसऱ्या खिडकीत वटवायची आणि वर नियमाचे नाव सांगायचे, हा कुठला न्याय?

चाटी गल्लीत एखाद्या दुकानदाराने चार सेंटीमीटर कमी असलेल्या पट्टीने कापड मोजले असते, तर आमच्या मावशीने अख्खे दुकान डोक्यावर घेतले असते. पेट्रोल पंपावर शंका आली तर पाच लिटरचे प्रमाणित माप मागता येते, आणि तिथे पाच लिटरमागे चालते ती चूक 25 मिलिलिटर, म्हणजे अर्धा टक्का. रिक्षाच्या मीटरला वैधमापन विभागाचे सील असते. भाजीवाल्या आजींच्या वजनांनाही शिक्का लागतो. आणि ज्या आकड्यावर आपण आठ हजारांचे भाडे निमूटपणे मोजून देतो, त्याला ना शिक्का, ना सील, ना माप. टायर बदलताना माप बदलले का, हे विचारणारा माणूस मात्र चिक्कू. (हेच मीटर भाड्याच्या वेळी पुढे पळते आणि जुन्या गाड्यांच्या बाजारात गेले की हजारो किलोमीटर मागे येते, असा याचा दोन्ही दिशांचा प्रवास आहे, पण त्यावर बोलायला लागलो तर रात्र पुरणार नाही.)

मी फार काही मागितले नव्हते. 528 किलोमीटरचे पैसे घ्या, आणि पुढच्या वेळी टायर कंपनीच्या मापाचे बसवा, एवढेच म्हणालो. मालकांनी माझ्याकडे न पाहता, पत्नीकडे पाहून, “वहिनी, सर लई हिशेबी आहेत हं,” असे म्हटले, आणि पत्नी हसली. पावतीवर त्यांनी 551 लिहिले, खाली “मीटरप्रमाणे” असे लिहून त्याखाली दोन रेघा ओढल्या, आणि मी पैसे दिले.