अंगठा उमटंना

सांगलीच्या मार्केट यार्डात दिवसभर हळद निवडलेला अंगठा रेशन दुकानातल्या मशिनवर टेकला, की आधी काच पिवळी होते आणि मग स्क्रीन लाल. दुकानदार म्हणतो, "मावशी, पुसून ठेवा." मावशी पदराला पुसतात. पदरही यार्डातूनच आलेला. काच आणखी पिवळी.

"दुसरं बोट लावा."

"कंचं?"

"कंचंबी लावा की, धा हायती!"

दुकानदार वैतागून बोलला, पण शास्त्रशुद्ध बोलला. आधार काढताना दहाही बोटांचे ठसे घेतलेत. आधी एका हाताची चार, मग दुसऱ्या हाताची चार, मग दोन्ही अंगठे जोडीनं. वर दोन बुबुळं आणि एक फोटो. तेरा पुरावे सरकारजमा असताना आपण अंगठ्यालाच का धरून बसतो? कारण सगळे 'अंगठा लावा' असंच म्हणतात. मशिनचा तसा काही हट्ट नाही. चिमटीनं काम करणाऱ्याचा अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट सगळ्यात आधी झिजतं. अशांनी मधल्या बोटापासून सुरुवात करावी. अंगठीच्या बोटानं तर बहुधा अंगठी घालण्यापलीकडं जन्मात काही केलेलं नसतं, त्यामुळं ते शाबूत असतं.

अंगठ्याची ही हौस साहेबाची. १८५८ साली बंगालात जंगीपूरला विल्यम हर्शेल नावाच्या अधिकाऱ्यानं एका कंत्राटदाराकडून करारनाम्यावर अख्ख्या पंजाचा ठसा घेतला. त्याला ओळखबिळख पटवायची नव्हती. गड्यानं उद्या 'ही सही माझी न्हवंच' म्हणू नये, एवढाच धाक घालायचा होता. १८९७ मध्ये कलकत्त्यात ठशांचं स्वतंत्र कार्यालय निघालं, ते गुन्हेगारांसाठी. पुढं २९ सप्टेंबर २०१० ला आपल्याच नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीत देशातलं पहिलं आधार दिलं गेलं, आणि कंत्राटदारापासून निघालेला अंगठा चोरांमार्गे निवृत्त मुख्याध्यापकांपर्यंत पोचला. ज्या गुरुजींनी गावातल्या अंगठेबहाद्दरांना सही शिकवली, त्यांना आता सही करून काही मिळत नाही.

बरं, बोट उमटत का नाही? ठसा म्हणजे कातडीवरच्या बारीक सऱ्या. वाफ्यातल्या सरी-वरंब्यासारख्याच, फक्त मिलिमीटरच्या आत. मशिन त्या सऱ्या जिथं फुटतात किंवा संपतात ते बिंदू टिपतं आणि नोंदणीतल्या बिंदूंशी जुळवतं. आता तासगावच्या बेदाणा शेडवरचे हात बघा. द्राक्षं पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या पाण्यात बुचकळून काढायची म्हणजे द्राक्षाबरोबर बोटंही वाळणार. गवंड्याच्या हातावर सिमेंटचा क्षार, ऊसतोड्याच्या हातावर पाचटाचे चिरे, आणि घरोघरी भांड्याची राख जाऊन आलेला साबण. ज्या हातांनी जास्त काम केलं, ते हात मशिनला अनोळखी. आयुष्यभर लोडाला टेकून बसलेल्या माणसाचा ठसा पहिल्या झटक्यात, हिरवा!

थंडीत बोट कोरडं पडतं, सऱ्या काचेला नीट चिकटत नाहीत आणि ठसा तुटक येतो. जुने लोक बोट कपाळावरून फिरवून ठेवतात. लोकांना तो नवस वाटतो, पण कपाळावरचा घाम-तेलाचा पुसट थर सऱ्यांना काचेशी जोडून देतो, म्हणून तो उपाय चालतो. खोबरेल मात्र चोपडू नका, काच बरबटते आणि मागच्या दहा जणांची वाट लागते. घामेजलेलं बोटही नको, सऱ्या एकमेकींत मिसळतात आणि मशिनला नुसता काळा डाग दिसतो. दाबायचं किती? चपातीची कड दाबतो तेवढं. रागानं दाबलं की सऱ्या सपाट होतात, आणि चौथ्या वेळेला प्रत्येक माणूस रागानंच दाबतो. दुकानदारानंही मशिन दारातल्या उन्हातून आत घ्यावं. काचेवर ऊन पडलं की प्रकाशावर चालणाऱ्या स्कॅनरचे डोळे दिपतात. एवढं करूनही जमेना तर बुबुळ किंवा ओटीपी. ओटीपी जातो पुण्यातल्या पोराच्या मोबाइलवर. पोरगं मीटिंगमध्ये.

मशिन नकार देताना एक आकडा दाखवतं, तो बघून ठेवावा. ३०० म्हणजे ठसा जुळला नाही. ३३० म्हणजे ठसा बरोबर असेल-नसेल, पण मालकानंच कुलूप लावलंय. हा मालक म्हणजे आपणच. भाच्यानं कधीतरी दिवाळीत मोबाइल घेऊन 'मामा, सेफ करून देतो' म्हणत ठशांना ॲपमधून कुलूप घातलेलं असतं.

भाच्याचं चुकलेलं नसतं हो. आधारवरून पैसे काढायला तीनच गोष्टी लागतात: बँकेचं नाव, आधार क्रमांक आणि बोट. पिन नाही, ओटीपी नाही, एका वेळी दहा हजारांपर्यंत. आपल्या हद्दीला लागून असलेल्या कर्नाटकात २०२३ मध्ये भामट्यांनी जमिनीच्या नोंदणीकृत दस्तांवरचे ठसे उचलले, त्यांची नक्कल केली आणि लोकांची खाती धुतली. पासवर्ड फुटला तर बदलता येतो. अंगठा फुटला तर उरली नऊ बोटं. म्हणून आधारच्या सरकारी ॲपमध्ये बायोमेट्रिक लॉक, म्हणजे ठशांचं कुलूप, लावून ठेवावं आणि लागेल तेव्हा तात्पुरतं उघडावं. ते दहा मिनिटं उघडं राहतं. आता रांगेत पुढं सात माणसं, आणि सर्व्हर आपल्या तब्येतीनं चालणारा. घरून उघडून निघालात तर दुकानात पोचेपर्यंत बंद. तेव्हा आपल्या पुढच्या माणसानं पिशवीचं तोंड उघडलं की आपण लॉक उघडायचं.

बोटाची ही तऱ्हा, तर झेरॉक्सची विचारू नका. पगार किती, हे बायकोला न सांगणारा माणूस सिमकार्डवाला, लॉजवाला, कार्यालयवाला, मागेल त्याला आधारची झेरॉक्स देऊन येतो. 'कशाला लागते?' असं विचारणं आपल्याकडं उद्धटपणात मोडतं. झेरॉक्सवाल्याकडची काळी आलेली प्रत रद्दीत जाते आणि कधीतरी भडंगाच्या पुड्यातून घरी परत येते. नाव, पत्ता, जन्मतारीख, वर कांदा-कोथिंबीर. २७ मे २०२२ ला आधारच्याच बेंगळुरू कार्यालयानं पत्रक काढलं की झेरॉक्स कुणालाही देत सुटू नका. लोकांना वाटलं, चला, कुणीतरी बोललं. दोन दिवसांत, २९ मेला, पत्रक मागं घेतलं आणि 'नेहमीची सावधगिरी बाळगा' असं सांगितलं. आपली नेहमीची सावधगिरी म्हणजे झेरॉक्स दोन काढणं.

त्यातल्या त्यात सोय म्हणजे मास्क्ड आधार. बारापैकी शेवटचे चारच आकडे दिसतात. साइटवरून उतरवून घेता येतं. त्या फाइलला पासवर्ड असतो: नावाची पहिली चार इंग्रजी कॅपिटल अक्षरं आणि जन्माचं साल. दोन्ही जुन्या झेरॉक्सवर छापलेलं. कुलपाची किल्ली कुलपालाच बांधली म्हणायची! सोळा आकडी व्हर्च्युअल आयडीही काढता येतो, आधारऐवजी तो द्यायचा. तो काउंटरवर दिला की समोरचा माणूस चष्मा काढतो, पुसतो आणि म्हणतो, "चार आकडं जास्त झाल्यात."

कायदा आपल्या बाजूनं आहे, फक्त तो काउंटरपर्यंत चालत येत नाही. २४ ऑगस्ट २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमतानं खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. २६ सप्टेंबर २०१८ ला चार विरुद्ध एक असा निकाल आला: रेशनसारख्या सरकारी लाभांना आणि पॅनला आधार चालेल, सिम आणि बँक खात्याला सक्ती करता येणार नाही. हे काउंटरवर म्हणून बघा. "बरोबर हाय सायब, पण सिस्टीम फुडं जात न्हाई." आपण झेरॉक्स काढायला जातो.

बोटं थकलेल्या पेन्शनरांसाठी आता चेहरा आहे. नोव्हेंबर आला की जिवंत असल्याचा दाखला द्यायचा, तो घरबसल्या मोबाइलवर देता येतो. आधी फोन धरणाऱ्या नातीचा चेहरा ऑपरेटर म्हणून, मग आजोबांचा. पाठीमागं खिडकी नको, नाहीतर चेहरा काळा येतो. चष्मा काढायचा, टोपी काढायची, गोलात तोंड बसवायचं आणि ॲप म्हणेल तेव्हा पापण्या मिटून उघडायच्या. माणूस मिचकावतो म्हणजे तो फोटो नाही, एवढाच मशिनचा तर्क. खोलीत उजेड पुरत नाही म्हणून नात आपल्या गुरुजी आजोबांना गॅलरीत आणते.

"आजोबा, डोळे मिचकवा."

गुरुजी मिचकवतात. जमत नाही. पुन्हा मिचकवतात. तिसऱ्यांदा जोर लावून मिचकवतात, आणि समोरच्या गॅलरीत सांडगे वाळत घालणाऱ्या काकू ताट उचलून आत जातात आणि कडी लावून घेतात.