टॉर्च, आर्मेनियाची तिकिटं आणि ‘पोरखेळ’ हा शब्द

नमस्कार,

‘जुना संग्राहक’ या नावाने तुम्ही काल दिलेली प्रतिक्रिया मी तीनदा वाचली. इतरांनी वाचली नसेल तर थोडक्यात सांगतो. आर्मेनियाच्या छापल्या गेलेल्या पण पोस्टात कधीच न विकल्या गेलेल्या तिकिटांवरच्या माझ्या लेखात तुमच्या मते फोटो धूसर आहेत, एक आकडा चुकला आहे, रीप्रिंट (मूळ प्लेटवरून पुन्हा काढलेली छपाई) आणि बनावट यांत मी गल्लत केली आहे, आणि शेवटी, तुमच्याच शब्दांत: ‘घरातली टॉर्च मारून शंभर वर्षांपूर्वीच्या तिकिटाचा निकाल लावणं हा पोरखेळ आहे. त्यापेक्षा शिक्का बघा. नवख्यांची दिशाभूल थांबवा.’

आकड्याचं आधी मान्य करतो. कॉन्स्टँटिनोपलला एसायानच्या छापखान्यात छापलेल्या दुसऱ्या मालिकेत 10 तिकिटं आहेत, मी 12 लिहिली होती. चूक माझी, दुरुस्त केली, आभार.

आता ‘पोरखेळ’. हा शब्द मला लागला, ते लपवत नाही. चूक दाखवायची तर ‘इथे तपासून पाहा’ एवढं म्हणून भागलं असतं. पण ज्याचं नाव-गाव माहीत नाही अशा माणसाने भर चौकात कान पिळावा तसं तुम्ही लिहिलंत. पस्तीस वर्षं मी हातात चिमटा धरून बसतोय. एवढी वर्षं कुणी पोरखेळ करत नाही.

टॉर्चबद्दल, म्हणजे अतिनील (यूव्ही) प्रकाशाच्या टॉर्चबद्दल, मी नेमकं काय म्हटलं होतं ते पुन्हा सांगतो, कारण तुम्ही ते वाचलेलं दिसत नाही. कागद पांढराशुभ्र दिसावा म्हणून त्यात चमक आणणारं रसायन घालतात. लग्नाच्या वरातीत डीजेच्या जांभळ्या दिव्याखाली पांढरा शर्ट निळा पेटल्यासारखा दिसतो, तोच हा प्रकार. हे रसायन कागदात सर्रास आलं ते दुसऱ्या महायुद्धानंतर. आर्मेनियाची जी तिकिटं 1920 साली पॅरिसमध्ये छापली, त्यांच्या कागदात ते असणार नाही. म्हणून यूव्ही टॉर्चखाली तिकिटाचा कागद लख्ख निळा-पांढरा पेटला, तर ते तिकीट 1920 चं असल्याचा दावा तिथेच संशयात सापडतो. जुनं तिकीट नव्या पाकिटांसोबत पाण्यात भिजवलं, तर ते रसायन पाण्यातून थोडंफार चढू शकतं, हेही मी लिहिलं होतं. तेव्हा चमक डागाडागांची आहे की सगळीकडे एकसारखी, ते बघायचं. यात पोरखेळ कुठे आला?

आणि हे मी ऐकीव ज्ञानावर बोलत नाही. 1996 साली एका प्रदर्शनात एका विक्रेत्याकडून मी ‘पॅरिसचा ओरिजिनल सेट’ घेतला. दहा तिकिटं, चौदाशे रुपये. तेव्हा माझा पगार चार हजार सहाशे होता. सूत कातणारी बाई, गरुड, ती अक्षरं, सगळं इतकं देखणं की मी अल्बमचं ते पान आल्यागेल्याला दाखवायचो. वडील तर शेजाऱ्यांना हाका मारून बोलवायचे. मग 2009 मध्ये नोटा तपासायची साधी टॉर्च घेतली. रात्री न्हाणीघराचं दार लावून काळ्या कार्डशीटवर सेट मांडला आणि बटण दाबलं. दहाच्या दहा तिकिटं पेटली, एकसारखी, कडेपासून कडेपर्यंत. मागची जुनी हिंज (तिकीट अल्बममध्ये लावायची चिकट कागदी पट्टी) मात्र मातकट, काळपट राहिली. नवा कागद आणि त्याला कुणीतरी मुद्दाम चिकटवलेली जुनी हिंज, एकमेकांशेजारी. ते दृश्य मी आजही विसरलेलो नाही. वडिलांना मी शेवटपर्यंत सांगितलं नाही. तुम्ही ज्याला दिशाभूल म्हणता, ती माझी त्या टॉर्चने थांबवली.

तुम्ही म्हणता, मूळ छपाईनंतर चार-पाच वर्षांत झालेला रीप्रिंट टॉर्चखाली पेटणार नाही. बरोबर. मी ते नाकारलं कुठे? ‘न पेटणं हा खरेपणाचा पुरावा नाही’ हे वाक्य लेखात आहे.

रीप्रिंट म्हणजे बनावट नव्हे, हा तुमचा मुद्दा पुस्तकात ठीक आहे. मूळ प्लेटवरून पुन्हा काढलेली छपाई आणि कुणीतरी नव्याने चितारलेली नक्कल यांत फरक आहे, हे मलाही कळतं. पण मूळ छपाईचे पैसे घेऊन रीप्रिंट गळ्यात मारला, तर घेणाऱ्यासाठी ती फसवणूकच. मी घेणाऱ्याच्या बाजूने लिहितो. यावर मला आणखी वाद घालायचा नाही.

‘शिक्का बघा’ यावर मात्र गप्प बसवत नाही, कारण खरी दिशाभूल ती आहे. पॅरिसची ही तिकिटं न वापरलेली का, ते लक्षात घ्या. आर्मेनियाचं पहिलं प्रजासत्ताक 28 मे 1918 ला जाहीर झालं. सुरुवातीला रशियाच्या जुन्या तिकिटांवर हाताने शिक्के मारून काम भागवलं. मग अर्शाक फेतवाजियान यांच्या चित्रांवरून पॅरिसच्या शासपो छापखान्यात नवी तिकिटं छापून घेतली. ती खिडकीवर विकायला यायच्या आत, 1920 च्या डिसेंबरच्या सुरुवातीला, सत्ता बोल्शेविकांकडे गेली आणि ते सरकारच उरलं नाही. मग त्या तिकिटावर पोस्टाचा शिक्का येईल कुठून? शासपोच्या तिकिटावर छान गोल तारखेचा शिक्का दिसला की मी खूश होत नाही, सावध होतो. एखाद्या नवख्याने तुमचं ऐकून शिक्क्यावर भरवसा ठेवला, तर तो सगळ्यात महाग पडलेलं खोटं तिकीट घरी नेईल.

सत्ताबदलानंतर छापलेल्या एसायानच्या दुसऱ्या मालिकेचं गणित वेगळं आहे. पेरणी करणारा, नांगरणारा अशी चित्रं आणि 50 ते 10,000 रुबलच्या किमती. छापून हातात येईपर्यंत महागाई इतकी भडकली की त्या किमतींना अर्थ उरला नाही. म्हणून 50 च्या तिकिटावर 10,000 आणि 10,000 च्या तिकिटावर 5,00,000 असे आकडे छापून ती वापरात आणली. आकडा न छापलेलं तिकीट म्हणजे न वापरलेलं. आता फसवणाऱ्याला काय करावं लागतं? अस्सल तिकीट घ्यायचं आणि त्यावर खोटा आकडा मारायचा. इथे कागद बरोबर, कडेचे दाते बरोबर, टॉर्चखाली काही पेटत नाही, आणि तरी माल खोटा. इथे भिंगच लागतं. आकड्याची शाई तिकिटाच्या रंगावर कशी बसली आहे, कडा कुठे तुटल्या आहेत, सात-आठ नमुन्यांत शून्याचा आकार एकच राहतो का, हे बघावं लागतं. या भागात तुम्ही मला दोन गोष्टी शिकवल्या असत्या तर मी हात जोडून शिकलो असतो. त्याबद्दल तुमच्या प्रतिक्रियेत एक ओळ नाही.

फोटो धूसर आहेत. मोबाईल जुना आहे. रविवारी भाच्याचा कॅमेरा आणून आकड्यांचे जवळून काढलेले फोटो टाकतो. तुमच्याकडे शासपोचा पक्का सेट असेल, ज्याचा प्रवास कागदोपत्री दाखवता येतो, तर त्याचेही फोटो पाठवा, शेजारी शेजारी लावू. तुमच्या नावाने लावेन. फक्त त्यासाठी नाव सांगावं लागेल.