चार स्क्रू पिळण्याबद्दल

‘६० हजारांत रेडिमेड गेमिंग पीसी कसा निवडावा’ या माझ्या लेखावर ठाण्यातल्याच एका वाचकाने रात्री पावणेदोनला प्रतिक्रिया टाकली आहे. मोडतोड केली असं कोणी म्हणू नये म्हणून ती जशीच्या तशी देतो:

“काका, ज्याला चार स्क्रू पिळता येत नाहीत तोच रेडिमेड घेतो. लॅमिंग्टन रोडवरून पार्ट आणून स्वतः जोडला तर ७-८ हजार आरामात वाचतात. ३०५० च्या ६ जीबी आणि ८ जीबीतला फरक तुम्हाला माहीत नाही का? आणि अर्धा लेख एसएमपीएसवर? लोकांना गेम खेळायचेत, वायरमन नाही व्हायचंय.”

आधी जे बरोबर आहे ते मान्य करतो. ३०५० बद्दल मी एकच ओळ लिहिली होती आणि ती अपुरी होती. आरटीएक्स ३०५० या नावाने दोन वेगळी ग्राफिक कार्डं, म्हणजे गेममधलं चित्र तयार करणारी कार्डं, विकली जातात. ८ जीबीचं २०२२ मधलं: २५६० कोअर (चित्राची गणितं करणारे भाग), १२८ बिटची मेमरी बस (मेमरीतून ये-जा करायचा रस्ता), १३० वॅट. ६ जीबीचं फेब्रुवारी २०२४ मधलं: २३०४ कोअर, ९६ बिटची बस, ७० वॅट. म्हणजे नुसत्या २ जीबीचा फरक नाही, सगळं कार्डच एक पायरी खालचं आहे. पाटीवर नुसतं ‘३०५०’ असेल तर कुठलं ते विचारा आणि बिलावर लिहून घ्या. लेखात ही दुरुस्ती आज सकाळीच केली. पण ‘तुम्हाला माहीत नाही का’ असं विचारायची काय गरज होती? ‘हा फरक लिहायचा राहिला’ एवढं म्हटलं असतं तरी मी दुरुस्ती केली असती आणि तुमचे आभारही मानले असते.

आता तुमचं पहिलं वाक्य. ते मी दिवसभर डोक्यात घेऊन फिरतोय. काका म्हटल्याचं मला काही नाही. ४४ वर्षांचा आहे, सोसायटीतली पोरं काकाच म्हणतात. पण तुमच्या वाक्यातला ‘काका’ कुठल्या सुरातला आहे ते मला कळतं. आणि माझं एक वेळ सोडा. ज्यांच्यासाठी मी तो लेख लिहिला, त्या सगळ्यांना तुम्ही एका ओळीत बावळट ठरवलंत.

मी स्क्रू पिळलेत. २००३ साली टी. वाय.ला असताना पहिला कॉम्प्युटर मी स्वतः जोडला, तोही तुमच्या त्याच लॅमिंग्टन रोडवरून, मुंबईतल्या कॉम्प्युटर पार्टांच्या बाजारातून, पार्ट आणून. बाबा वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात होते, पैसे त्यांनी पतपेढीतून कर्ज काढून दिले होते. मी तीन दुकानांतून पार्ट घेतले, कारण प्रत्येक ठिकाणी काही ना काही दोनशे-तीनशेने कमी मिळत होतं. ग्रँट रोडहून दादर, दादरचा पूल, मग ठाण्याची गाडी. कॅबिनेटचं खोकं माझ्याकडे, मॉनिटरचं मित्राच्या डोक्यावर. त्या वेळचा मॉनिटर म्हणजे काय वजन होतं ते तुम्हाला माहीत असण्याचं कारण नाही. घरी चादर अंथरून सगळं मांडलं आणि रात्री अडीचला पहिल्यांदा स्क्रीन उजळला तेव्हा आईला झोपेतून उठवून दाखवला. स्वतः जोडण्यातला आनंद काय असतो हे मला शिकवू नका.

तो कॉम्प्युटर चौदा महिने चालला. मे महिन्यात एका रात्री लाइट गेली, पाच मिनिटांनी आली, आणि कॅबिनेटच्या मागून फट् असा आवाज आला. खोलीभर जळका वास. एसएमपीएस, म्हणजे घरातली वीज कॉम्प्युटरला लागेल तशी करून देणारा पॉवर सप्लायचा डबा, कॅबिनेटबरोबर फुकट आलेला होता, वर ४०० वॅटचं स्टिकर. जाताना तो मदरबोर्ड आणि हार्ड डिस्क दोन्ही घेऊन गेला. कॅबिनेटवाला म्हणाला, तुझा बोर्डच खराब असणार. बोर्डवाला म्हणाला, असला पॉवर सप्लाय लावलास तर दुसरं काय होणार. हार्ड डिस्कवाल्याने बिल हातातही घेतलं नाही, कारण ते कच्चं होतं, पाठकोऱ्या कागदावर लिहिलेलं. चार खेपा घातल्या. बाबांचे पतपेढीचे हप्ते अजून चालू होते. ते मला एका शब्दाने बोलले नाहीत, आणि तेच मला आजवर लागून राहिलंय.

म्हणून अर्धा लेख एसएमपीएसवर. आणि वायरमन हा शब्द हिणवण्यासाठी वापरू नका. माझे मामा वायरमन होते, भर पावसात खांबावर चढायचे.

एसएमपीएसच्या वॅटचं गणित तुम्ही पुरतं वाचलंच नाहीत असं दिसतं, म्हणून पुन्हा लिहितो. स्टिकरवर मोठ्या अक्षरात ‘४५० वॅट’ असतं. ती ३.३, ५ आणि १२ व्होल्टची मिळून बेरीज असते. ग्राफिक कार्ड आणि प्रोसेसर चालतात मुख्यतः १२ व्होल्टवर. खालच्या तक्त्यात १२ व्होल्टसमोर १६ अँपिअर लिहिलं असेल तर १२ गुणिले १६, म्हणजे फक्त १९२ वॅट. आता त्यावर आरएक्स ६६०० हे ग्राफिक कार्ड टाका, १३२ वॅट. रायझन ५ ५६०० हा प्रोसेसर टाका, कागदोपत्री ६५. झाले १९७. अजून पंखा फिरला नाही, डिस्क चालली नाही, आणि तुम्ही मर्यादेबाहेर गेलात. असा पीसी दुकानात अर्धा तास छान चालून दाखवतो. घरी मे महिन्यात, दार लावून, तीन तास गेम चालू असताना काय होतं ते मी पाहिलंय. रेडिमेडमध्ये पैसे वाचवायचे झाले की पहिला हात इथेच पडतो, कारण काचेतून रंगीत दिवे दिसतात आणि एसएमपीएस खालच्या पत्र्याआड झाकलेला असतो. दुकानदाराला पत्रा काढायला सांगा, तक्ता वाचा. काढायला नकार दिला तर दुसरं दुकान.

तरीही मी रेडिमेडच का सांगतो? गेल्या दिवाळीआधी कळव्याच्या एक बाई माझ्याकडे आल्या. मुलगा अकरावीला, भिशीचे ५५ हजार हातात. नवरा रात्रपाळीला, घरात कॉम्प्युटर पहिलाच. त्यांना मी काय सांगायला हवं होतं? की पोराला लॅमिंग्टन रोडला पाठवा? एएम४ या सॉकेटच्या (मदरबोर्डवरच्या खाचेच्या) रायझन प्रोसेसरला खाली १३३१ पिना असतात. एक वाकली आणि सरळ करताना तुटली, तर प्रोसेसर हातात घेऊन बसायचं, कारण हा दोष वॉरंटीत धरत नाहीत. तुमच्याकडे दुसरा प्रोसेसर घ्यायला पैसे असतील. त्यांच्याकडे नव्हते. ज्याच्याकडे चुकायला पैसे नाहीत त्याने रेडिमेड घ्यावा, एवढंच माझं म्हणणं होतं आणि आहे.

मी त्यांच्याबरोबर नौपाड्यातल्या एका दुकानात गेलो. बाजूची काच काढायला लावली. १६ जीबीची एकच रॅम एका खाचेत बसवलेली होती. ती काढून ८-८ च्या दोन घालायला लावल्या, म्हणजे रॅमचे दोन्ही चॅनल, म्हणजे प्रोसेसरकडे जाणारे दोन्ही रस्ते, चालतील आणि गेम कमी अडखळेल. एसएमपीएस बदलून ‘ब्रॉन्झ’ दर्जाचा, म्हणजे वीज कमी वाया घालवणारा, घेतला, वरचे पैसे दिले. सगळ्या पार्टांची नावं आणि सीरियल नंबर एका पक्क्या बिलावर. तीन आठवड्यांनी मुलाचा फोन आला, डिस्प्ले येत नाही. दुकानात नेला. रॅम जागची हलली होती, संध्याकाळपर्यंत पीसी परत घरी. एक बिल, एक माणूस, एक खेप. माझ्या चार खेपा आठवून मला त्या दिवशी फार बरं वाटलं.

आणि त्या मुलाला स्क्रू पिळता येत नव्हते. आता येतात. जानेवारीत त्याने दुसरी एसएसडी (डेटा साठवायची वेगवान डिस्क) स्वतः बसवली. तुमचं वाक्य त्याने वाचलं असतं तर त्याला काय वाटलं असतं?

तुमचे ७-८ हजार. वाचत असतील. भाव रोज हलतात, २०२५ च्या अखेरीस रॅम कशी महागली ते तुम्हीही पाहिलं असेल, त्या हिशेबात मी शिरत नाही. इंटेलचा तिसऱ्या पिढीचा आय-७ प्रोसेसर घातलेला जो स्वस्त ‘गेमिंग पीसी’ सगळीकडे दिसतो, त्याबद्दल तुम्ही काही विचारलेलं नाही, पण इतरांसाठी सांगतो: तो प्रोसेसर २०१२ चा आहे, विंडोज ११ त्याला अधिकृतपणे चालत नाही, आणि विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. घेऊ नका.

तुम्ही स्वतः जोडलेला पीसी चांगला असेलही. आता पुन्हा लिहाल तेव्हा त्याच्या एसएमपीएसच्या स्टिकरचा फोटो टाका. १२ व्होल्टसमोर किती अँपिअर लिहिलेत ते दिसू दे. मग पुढचं बोलू.