‘विदेशी प्राण्यांना वन्यजीव कायदा लागत नाही’ हा निरोप खोटा आहे

गेल्या काही महिन्यांत एक लांबलचक निरोप माझ्याकडे तीन वेगवेगळ्या व्हॉट्सअॅप गटांतून आला. त्यातलं म्हणणं थोडक्यात असं: वन्यजीव कायदा फक्त भारतीय प्राण्यांसाठी आहे, तेव्हा मकाव, आफ्रिकन ग्रे (हे दोन्ही पोपट), इग्वाना (मोठा सरडा), बॉल पायथन (आफ्रिकेतला अजगर) बिनधास्त पाळा. हे प्राणी पिंजऱ्यातच जन्मतात, जंगलाचं काही बिघडत नाही. आयातबंदी आली तर काळा बाजार वाढेल. उलट हौशी लोकांमुळेच प्रजाती टिकतात. आणि आता काही मंडळी तुमच्या घरातले पक्षी उचलून न्यायला निघाली आहेत, म्हणून हे सगळीकडे पाठवा.

मी पुण्यात जखमी आणि सोडून दिलेले प्राणी दवाखान्यापर्यंत पोचवायला मदत करते. परदेशी वन्यप्राण्यांची पाळण्यासाठी होणारी आयात थांबावी आणि घराघरांतली पैदासही थांबावी, असं माझं ठाम मत आहे. ते आधीच सांगितलेलं बरं. पण या निरोपातल्या निम्म्या गोष्टी मताच्या नाहीतच. त्या सरळ चुकीच्या आहेत आणि त्यावर विश्वास ठेवणारा माणूस उद्या अडचणीत येईल.

आधी कायदा. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचा भर भारतीय प्रजातींवर होता, हे खरं. परदेशी प्राणी एकदा विमानतळाबाहेर पडला की त्याला विचारणारं फारसं कोणी नसायचं. पण २०२२ साली कायदा बदलला आणि १ एप्रिल २०२३पासून तो बदल लागू झाला. वन्यप्राण्यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराचा जो करार आहे, सायटीस, त्याच्या यादीतल्या प्रजाती आता आपल्या कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत आहेत. २८ फेब्रुवारी २०२४ला नोंदणीचे नियम आले, आधीपासून प्राणी असलेल्यांना सहा महिन्यांची मुदत मिळाली आणि ‘परिवेश’ या सरकारी पोर्टलवर नोंदणी सुरू झाली. प्राणी जवळ असणं, त्याला पिल्लं होणं, तो दुसऱ्याला देणं, तो मरणं, या सगळ्याची नोंद करायची आहे. आफ्रिकन ग्रे, मकाव, इग्वाना, बॉल पायथन हे चारही त्यात येतात. म्हणजे निरोपात ‘बिनधास्त’ म्हणून दिलेलं एकही नाव बिनधास्त नाही.

हा समज कुठून आला असेल, याचा मला अंदाज आहे. जून २०२०मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने एक सूचना काढली होती: सहा महिन्यांच्या आत स्वतःहून जाहीर करा, प्राणी कुठून आणला याची कागदपत्रं मागणार नाही. देशभरातून हजारो लोकांनी तेव्हा प्राणी जाहीर केले. ती ठरावीक मुदतीची सवलत होती. अनेकांनी तिचा अर्थ कायमची मोकळीक असा घेतला, आणि दुकानदारांनी तो दुरुस्त केला नाही.

जाता जाता एक. आपला हिरवा, गळ्यात कंठ असलेला पोपट पिंजऱ्यात ठेवणं हाही गुन्हाच आहे. कित्येक घरांत आजीच्या काळापासून मिठू आहे आणि कोणाला हे ठाऊक नसतं.

‘पिंजऱ्यात जन्मलेले’ हा मुद्दा ऐकायला सगळ्यात बरा वाटतो, म्हणून त्यावर जरा थांबते. बजरी, कॉकाटील, लव्हबर्ड यांच्या बाबतीत तो मला मान्य आहे. हे पक्षी पिढ्यान्‌पिढ्या पिंजऱ्यात वाढलेत आणि माझा रोख त्यांच्यावर नाही. पण निरोपात नावं आहेत ती वेगळी. आफ्रिकन ग्रेचंच बघा. घानामध्ये १९९२नंतर या पोपटाची संख्या ९० ते ९९ टक्क्यांनी घटल्याचं अभ्यासकांनी मांडलं आहे. झाडं तोडली गेली, आणि पिंजऱ्यासाठी पक्षी धरले गेले. २०१६ साली जोहान्सबर्गला सायटीसची बैठक झाली तेव्हा म्हणूनच हा पोपट सर्वांत कडक यादीत, पहिल्या परिशिष्टात गेला. बॉल पायथन टोगो, बेनिन, घाना या देशांतून येतो. तिथली पद्धत अशी की पोटात अंडी असलेल्या माद्या जंगलातून धरायच्या, किंवा बिळांतून अंडी उकरून आणायची, आणि पिल्लं फार्मवर उबवायची. पिल्लाचा जन्म फार्मवरचा हे खरंच, पण त्याची आई कालपर्यंत रानातल्या बिळात होती.

आणि मुंबई विमानतळावर जे सापडतं त्याचं काय? जून २०२५च्या सुरुवातीला थायलंडहून आलेल्या एका प्रवाशाच्या सामानात ४४ इंडोनेशियन पिट व्हायपर, ३ स्पायडर-टेल्ड हॉर्न्ड व्हायपर आणि ५ कासवं सापडली. बॅगेत कोंबलेले विषारी साप! त्यातले तीन इराणच्या बाजूच्या डोंगरांतले, शेपटीच्या टोकावर कोळ्यासारखा आकार असलेले, दुर्मीळ. त्याच वर्षी फेब्रुवारीत याच विमानतळावर सियामंग गिबन, म्हणजे आग्नेय आशियातली लहान वानरं, सापडली होती. गिबनचं पिल्लू आईच्या अंगाला घट्ट बिलगून असतं. ते रानातून धरायचं तर आधी आईला मारावं लागतं.

आता काळा बाजार. बंदीने तो वाढतोच, असं निरोप छातीठोकपणे सांगतो. युरोपीय संघाने बर्ड फ्लूच्या भीतीने २००५मध्ये रानटी पक्ष्यांची आयात थांबवली आणि २००७मध्ये ती बंदी कायमची केली. त्यानंतरच्या अभ्यासात दिसलं की जगभरातला रानटी पक्ष्यांचा कायदेशीर व्यापार वर्षाला सुमारे १३ लाखांवरून १ लाख ३० हजारांवर आला. व्यापाराच्या काही वाटा दुसऱ्या देशांकडे वळल्या, आणि चोरटी वाहतूक या आकड्यात धरलेली नाही, हेही सांगायला हवं. तरी खुलेआम हलणारे दहातले नऊ पक्षी कमी झाले, ही काही छोटी गोष्ट नाही. उलट आपल्याकडे चोरट्या मालाला आसरा मिळतो तो कायदेशीर बाजाराचाच. काउंटरवर ठेवलेल्या मकावच्या पिल्लाकडे बघून ते इथे अंड्यातून आलं की बँकॉकहून, हे तुम्ही-आम्ही सोडाच, वनरक्षकालाही सांगता येत नाही. बाजार जितका मोठा तितकी लपायला जागा जास्त.

एका बाबतीत मात्र निरोप लिहिणाऱ्याचं म्हणणं अर्धं खरं आहे. नव्या नियमांतली नोंदणी सायटीसच्या यादीला बांधलेली आहे. शुगर ग्लायडर हा हातात मावणारा सस्तन प्राणी त्या यादीत नाही. म्हणजे ऑस्ट्रेलिया-न्यू गिनीतला, झाडांवर कळपाने राहणारा, रात्री जागणारा हा जीव कोणी शर्टाच्या खिशात घालून मॉलमध्ये फिरवला, तरी हे नियम त्याला काही विचारत नाहीत. ही पळवाट आहे आणि ती बुजवायला हवी. बेल्जियमने सस्तन प्राण्यांसाठी उलटी यादी केली, नेदरलँड्सने १ जुलै २०२४पासून तशीच लागू केली: यादीत आहेत तेवढेच प्राणी पाळता येतात, बाकी सगळे बंद. मला हीच पद्धत बरी वाटते. कारण दुकानात दर वर्षी नवा प्राणी येतो आणि मनाईची यादी कायम त्याच्या मागून धावत असते.

‘घरातल्या घरात पाळतो, कोणाला त्रास?’ याला उत्तर आपल्या तळ्यांत आहे. कानामागे लाल पट्टा असलेलं कासव, रेड-इअर्ड स्लायडर, मत्स्यालयाच्या दुकानात नाण्याएवढं मिळतं. मुलांना आवडतं. काही वर्षांत ते जेवणाच्या ताटाएवढं होतं, पाणी रोज घाण करतं, चावतं, आणि तीस वर्षं जगू शकतं. मग एका रविवारी कुटुंब त्याला तळ्यात सोडून येतं, आणि आपण पुण्य केलं असं सगळ्यांना मनापासून वाटतं. अशी कासवं गुवाहाटीच्या उग्रतारा मंदिराच्या तळ्यात सापडली आहेत. देशी कासवांचं खाणं आणि ऊन खायची जागा ती बळकावतात. युरोपीय संघाने त्यांची आयात १९९७मध्येच बंद केली. अमेरिकेत तर चार इंचांहून लहान कासवं विकायला १९७५पासून मनाई आहे, कारण ती हाताळून मुलांना साल्मोनेला या जिवाणूचा संसर्ग व्हायचा. मत्स्यालयाची काच साफ करतो म्हणून घेतलेला सकर मासा आज उजनीच्या जलाशयात आहे. त्याच्या अंगावरच्या काटेरी कवचाने मच्छीमारांची जाळी फाटतात आणि त्याला बाजारात कोणी घेत नाही. अमेरिकेत फ्लोरिडाच्या एव्हरग्लेड्स या दलदलीच्या प्रदेशात पाळीव म्हणून आणलेले बर्मी अजगर पसरले, आणि २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत रस्त्यावर दिसणारे रकून ९९ टक्क्यांनी कमी झालेले आढळले.

आणि त्रास कोणाला, याचं आणखी एक उत्तर मी हातात धरलं आहे. दोन वर्षांपूर्वी सिंहगड रस्त्यावरच्या एका सोसायटीतून फोन आला. इग्वाना चालेनासा झाला होता. कॉलेजात जाणारा मुलगा होता, शिकवण्या घेऊन पैसे जमवून त्याने तो आणलेला. खिडकीशी मोठी काचेची टाकी, आत फांदी, पाण्याचा वाडगा, सगळं स्वच्छ. इग्वानाचा खालचा जबडा सुजून रबरासारखा मऊ झाला होता. मागचे पाय ओढत तो पुढे सरकायचा आणि बोटं आपोआप थरथरायची. डॉक्टरांनी एक्स-रे दाखवला तर हाडं जवळजवळ दिसतच नव्हती. माणसांच्या मुलांना मुडदूस होतो, तसलाच प्रकार. दुकानदाराने सांगितलं होतं, उन्हात ठेव आणि पालक-काकडी दे. मुलाने ते तंतोतंत केलं. पण लागणारे अतिनील किरण खिडकीची काच अडवते, आणि पालकातलं ऑक्झॅलेट कॅल्शियम अंगी लागू देत नाही. त्याने रोज जीव लावून त्या प्राण्याला थोडं थोडं मारलं होतं, आणि हे कळल्यावर तो दवाखान्याच्या पायरीवर बसून रडला. त्या मुलाला मी एका शब्दानेही दोष देणार नाही. चूक आहे ती वर्षावनातला प्राणी चपलेच्या खोक्यात घालून, दोन वाक्यांच्या सूचनेवर विकता येतो, या सोयीत. इग्वाना त्यानंतर अकरा दिवस जगला.

‘हौशी लोकांमुळे प्रजाती टिकतात’ म्हणताना ब्राझीलच्या निळ्या स्पिक्स मकावचं उदाहरण हमखास देतात. तो रानातून २००० साली दिसेनासा झाला आणि पिंजऱ्यातल्या पक्ष्यांपासून वाढवून २०२२मध्ये पुन्हा सोडला गेला, हे खरं आहे. पण तो रानातून नाहीसा होण्यामागे पिंजऱ्यासाठी झालेली धरपकडही होती, हे त्या उदाहरणासोबत कोणी सांगत नाही. आणि घरगुती पैदास चालते ती रंगांसाठी. बॉल पायथनचा ‘स्पायडर’ नावाचा मॉर्फ, म्हणजे रंग-नक्षीसाठी पैदास केलेला प्रकार आहे, नक्षी फार देखणी. त्याच जनुकामुळे त्याची मान डुलत राहते, काहींना तर भक्ष्यावर नीट झेपही घेता येत नाही. हा साप आफ्रिकेच्या कुठल्या रानात परत सोडायचा?

मग कुत्री-मांजरंही बंद करा, असं एक वाक्य निरोपात मध्येच आहे. कुत्रा हजारो वर्षांपासून माणसाच्या अंगणात घडलेला प्राणी आहे. मकाव दोन-तीन पिढ्यांपूर्वीपर्यंत रानात उडत होता. याहून जास्त उत्तर त्याला द्यावंसं वाटत नाही.

राहिली भीती, की तुमचे प्राणी उचलून नेतील. आजचा नियम नोंदणी मागतो, नोंदवलेला प्राणी काढून घ्या असं म्हणत नाही. नेदरलँड्सनेही यादीबाहेरचे, आधीपासून घरात असलेले प्राणी मरेपर्यंत मालकांकडेच राहू दिले, फक्त पैदास थांबवली. मीही तेवढंच मागते आहे. ज्याच्याकडे आज मकाव आहे त्याने तो ठेवावा आणि नोंदवावा. सांभाळणं खरंच होत नसेल तर तळ्यात किंवा टेकडीवर न सोडता वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर फोन करावा. आणि एक हिशेब करावा. मकाव पन्नास-साठ वर्षं जगू शकतो. आज तीन वर्षांचा असलेला पक्षी नीट सांभाळला तर २०७०नंतरही जिवंत असेल, आणि आज चाळिशीत असलेला त्याचा मालक तेव्हा नव्वदीला टेकलेला असेल. तो पक्षी पुढे कोणाच्या घरी जायचा, हे त्या माणसाशी आत्ताच बोलून ठेवा. दुसऱ्याच्या नावावर करायची सोय त्याच पोर्टलवर आहे.